अडखळणारे इंजिन

जुनी मोटार घाट चढत असते. पुढचा मालट्रक ओलांडण्यासाठी चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि नेमके त्याच क्षणी इंजिन अडखळते. अशा वेळी पेट्रोलाला बोल लावला जातो. परंतु खरा दोष काडेपेटीएवढ्या एका भागातही असू शकतो.

भारतात २००० सालच्या सुमारास कार्ब्युरेटर मागे पडून संगणकाच्या आज्ञेने इंधन फवारणाऱ्या मोटारी रूढ होत गेल्या. इंजिनात हवा सोडणारी झडप किती उघडली, हे त्या संगणकाला थ्रॉटल पोझिशन सेन्सर कळवितो. त्याची रचना बहुधा जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी असते. कार्बनच्या पट्टीवर स्पर्शक सरकतो. ५ व्होल्टच्या पुरवठ्यातून झडप मिटलेली असता सुमारे ०.५, तर पूर्ण उघडली असता सुमारे ४.५ व्होल्टचा संकेत निघतो. नित्याच्या वापरात झडप थोडीच उघडते, म्हणून पट्टी तेथेच अधिक झिजते आणि खरखरणाऱ्या रेडिओप्रमाणे संकेत तुटतो.

परीक्षा सोपी आहे. प्रथम जोडणीवरील गंज व ५ व्होल्टचा पुरवठा पाहावा. मग इंजिन बंद, पण किल्ली चालू ठेवून संकेताच्या तारेला काट्याचा व्होल्टमापक लावावा व झडप हाताने सावकाश उघडावी. काटा एकसारखा चढला, तर दोष अन्यत्र शोधावा. मध्येच गचकला, तर सेन्सर बदलणे प्राप्त आहे. तपासणीवाचून भाग बदलणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणेच होय.