मुलाखतीचा सराव

परिचारिकेचें शिक्षण संपत आलें कीं मुलाखतीची धास्ती सुरू होते. आमची एक माजी विद्यार्थिनी दर्यापूरहून अकोल्यास मुलाखतीकरितां गेली. उत्तरें येत असूनही तिच्या तोंडून शब्द फुटेना, जागा हुकली. घरीं तिच्या शिक्षणाचें कर्ज अद्याप फिटावयाचें आहे.

सन १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां बंगालमधील श्रीरामपूर येथील व्याख्यानांत त्यांनीं लोकांच्या शंका सहा प्रश्नांत मांडून एकेकाचें उत्तर दिलें. अवघड प्रश्न आधींच समोर ठेवण्याची तीच रीत आम्हीं धरली.

वर्गांत टेबल मांडून तिला तीनदां विचारलें, "एकाचें औषध चुकून दुसऱ्यास दिलें गेलें, तर काय कराल?" प्रथम तिनें पाठ म्हणून दाखविला : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पण हें तर चूक टाळण्याचें उत्तर झालें. चूक घडल्यावर काय, तें राहिलेंच. तिसऱ्या खेपेस ती क्षणभर थांबून म्हणाली, "आधीं रुग्णाची नाडी व श्वास पाहीन, तत्काळ डॉक्टरांस व मुख्य परिचारिकेस कळवीन, घडलें तें नोंदवीन. लपविणार नाहीं." मध्यें एक वऱ्हाडी शब्द आला, तो आम्हीं सुधारला नाहीं. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयांत येणारे पुष्कळ रुग्ण तीच बोली बोलतात!

पालकहो, असे प्रश्न घरींही विचारावे. मात्र मध्येंच हसूं नये, उत्तर सुचवूं नये. "हें मला ठाऊक नाहीं, विचारून घेईन," असें म्हणण्याचाही सराव करवावा. आपल्याच माणसांपुढें तें फार जड जातें. तिची दुसरी मुलाखत पुढील महिन्यांत आहे.