पुच्छहीन विमान

पुच्छहीन विमान : मुख्य पंखांखेरीज वेगळा आडवा स्थैर्यपंख नसलेले विमान. काही पुच्छहीन विमानांना उभा पुच्छपंख मात्र असतो.

वाऱ्याच्या झोताने विमानाचे नाक उचलले गेल्यास साध्या वक्र पंखावरील दाबाचा मध्य पुढे सरकतो व नाक अधिकच वर जाऊ पाहते. मागील पुच्छ तरफेप्रमाणे ते खाली आणते. पुच्छ काढल्यास हे काम पंखालाच करावे लागते. पुच्छ असलेल्या ग्लायडरमधूनही ओटो लिलिएंटाल १८९६ मध्ये कोसळून मरण पावले होते. त्यामुळे आपोआप तोल राखणारे विमान हे त्या काळी अनेकांचे ध्येय होते.

जावातील एका वेलीचे पातळ पंखधारी बी तरंगत दूरवर जाते. त्यावरून इगो एट्रिख व फ्रान्झ व्हेल्स यांनी १९०४ पासून ग्लायडर रचले; एट्रिख यांनी पुढे आपल्या विमानाला पुच्छ जोडले.

खरे यश जॉन विल्यम डन (१८७५–१९४९) यांना मिळाले. ब्रिटिश सैन्याच्या फार्नबरो येथील बलून कारखान्यात १९०६ पासून त्यांनी काम केले; स्कॉटलंडमधील ब्लेअर अ‍ॅथॉल येथे १९०७-०८ मध्ये गुप्त चाचण्या झाल्या. त्यांचे पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे मागे वळलेले असून टोकांकडे त्यांचा हवेशी होणारा कोन कमी होत जाई. टोके गुरुत्वमध्याच्या मागे येत असल्याने पुच्छाचे कार्य तीच करीत. पुच्छ नाहीसे झाले नव्हते, ते पंखांत विरले होते, असे म्हणणे अधिक योग्य. १९०९ मध्ये सरकारी साहाय्य थांबले, तरी २० डिसेंबर १९१० रोजी ईस्टचर्च येथे डन यांनी उड्डाणात नियंत्रक सोडून कागदावर टिपणे लिहिली. ऑर्व्हिल राइट तेव्हा उपस्थित होते. १९१३ मध्ये फेलिक्स या फ्रेंच अधिकाऱ्याने डन यांचे विमान ईस्टचर्चहून पॅरिसला नेले.

या स्थैर्याची किंमत मात्र मोठी होती. टोकांकडून उत्थापन थोडे मिळे आणि स्वतःचा तोल सांभाळणारे विमान वैमानिकालाही सहजी वळू देत नसे. १९१४ मध्ये कॅनडाने घेतलेले डन-पद्धतीचे विमान जहाजप्रवासात मोडले व सैनिकी कामी उडालेच नाही. (डन यांचे नाव पुढे गाजले ते काल व स्वप्ने यांवरील १९२७ च्या ग्रंथामुळे.)

जेफ्री हिल यांनी १९२४ पासून अपघात टाळण्याच्या हेतूने हीच वाट धरली. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेले भारतीय ‘तेजस’ हेही पुच्छहीन त्रिकोणपंखी विमान होय. त्यात स्वाभाविक स्थैर्य मुद्दाम कमी ठेवून तोल संगणकाकडे सोपविला आहे. पुणे जिल्ह्यात कामशेतजवळच्या टेकड्यांवरून उडणाऱ्या पॅराग्लायडरलाही पुच्छ नसते. तेथे तोल राखला जातो तो मुख्यतः छत्राखाली लंबकासारख्या लोंबकळणाऱ्या माणसाच्या वजनाने.