'खोटा खोटा' चहा, खरी खरी समज

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात भातुकली मांडलेली आहे. चार वर्षांची नात रिकामी कपबशी आजोबांपुढे धरते आणि बजावते, ''गरम आहे हं, फुंकर घाला!'' आजोबा फुंकर घालतात. कपात चहा नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. तरीही कप कलंडला, की नात लगबगीने फडके आणून कोरडी फरशी पुसते.

अशा खेळाकडे घरात दोन टोकांच्या नजरांनी पाहिले जाते. काही पालकांना तो अभ्यासातून चोरलेला वेळ वाटतो. काही जण खोक्यावरील 'बुद्धी वाढविणारा' हा शब्द वाचून महागडे डॉक्टर-सेट आणि प्लास्टिकची स्वयंपाकघरे विकत आणतात. या खेळातून मूल नेमके काय मिळवते, हे समजले तर दोन्ही टोके टाळता येतील.

केळ्याचा फोन

वर्ष-दीड वर्षाचे मूल रिकामा पेला तोंडाला लावून 'पिते'. पुढे ते बाहुलीला भरवू लागते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी 'तू पेशंट, मी डॉक्टर' अशी भूमिकांची वाटणी होते आणि शाळेत जाण्याच्या वयापर्यंत त्याची लांबलचक गोष्ट बनते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी याला प्रतीकात्मक खेळ म्हटले. एका वस्तूने दुसरीची जागा घेणे, हा त्याचा गाभा आहे. अक्षर हेही ध्वनीचे प्रतीकच असते, हे लक्षात घेतले म्हणजे या खेळाचे मोल कळते.

केळे कानाला लावून फोनवर बोलणारे मूल केळ्याला खरोखर फोन समजत नाही. वास्तव आणि कल्पना ते मनात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवू शकते. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे काही असू शकते, ही समज आणि ही क्षमता यांचे मूळ एकच असावे, अशी मांडणी अॅलन लेस्ली यांनी 1987मध्ये केली.

खेळातला संयम

'मनाला येईल ते करणे म्हणजे खेळ' हा समज रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांना मान्य नव्हता. 1933च्या एका व्याख्यानात त्यांनी दाखविले, की काल्पनिक खेळात प्रत्येक भूमिकेला नियम असतात. आई झालेल्या मुलीला आईसारखेच वागावे लागते. दुकानदार झालेल्या मुलाला समोरच्या गोळ्या स्वतः खाता येत नाहीत. एरवी आवरता न येणारी इच्छा मूल खेळात आपणहून आवरते.

अमेरिकेत 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार व सहा वर्षांच्या 180 मुलांना कंटाळवाणे काम देण्यात आले. शेजारी टॅबलेटवरील खेळाचे आमिषही होते. स्वतःला बॅटमॅनसारखे पात्र मानून काम करणारी मुले इतरांपेक्षा अधिक वेळ टिकून राहिली.

दावे आणि पुरावे

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. अमेरिकी संशोधक अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी 2013मध्ये या विषयावरील उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. काल्पनिक खेळामुळेच बुद्धिमत्ता किंवा सर्जनशीलता वाढते, असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यांना आढळला नाही. भाषा, गोष्ट सांगणे आणि भावनांवर ताबा यांसाठी हा खेळ उपयुक्त असू शकतो. पण तो अनेक मार्गांपैकी एक असावा, असे त्यांचे मत पडले. थोडक्यात, भातुकली हे बुद्धीचे टॉनिक नव्हे. खोक्यावरील आश्वासनाला भुलण्याचे कारण नाही, तसेच खेळ बंद करून अक्षरे गिरवायला बसविण्याचेही नाही.

खेळणी कोणती?

दोन वर्षांच्या आसपासच्या मुलाला खऱ्यासारखी दिसणारी वस्तू लागते. छोटी कढई, बाहुली, फोन. तीन-चार वर्षांनंतर काठीचा घोडा आणि खोक्याची बस होऊ शकते. म्हणून मोठ्या मुलांना जुनी ओढणी, रिकामे डबे, पुठ्ठे आणि सावंतवाडीची लाकडी भातुकली बटण दाबताच बोलणाऱ्या खेळण्यापेक्षा अधिक वाव देतात. बाहुली बोलत नसली, की तिचे बोलणे मुलाला रचावे लागते.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे. 1 जानेवारी 2021पासून ते खेळण्यांना बंधनकारक आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती सुटे, बारीक भाग देऊ नयेत. भातुकली मुलींची आणि डॉक्टर-सेट मुलांचा, ही वाटणीही मोडावी. पोळ्या लाटणारा मुलगा आणि स्टेथोस्कोप लावणारी मुलगी दोन्ही भूमिका आतून अनुभवतात.

मोठ्यांनी पेशंट व्हावे

मुलाने बोलावले, तर खेळात जरूर जावे. परंतु सूत्रे त्याच्याच हाती राहू द्यावीत. 'असे नाही, इंजेक्शन असे देतात' ही दुरुस्ती खेळ संपविते. 'डॉक्टर, औषध कडू आहे का?' हा प्रश्न तो पुढे नेतो. दवाखान्यातून रडत आलेले मूल दुसऱ्या दिवशी बाहुलीला सुई टोचत असेल, तर त्याला थांबवू नये. कालच्या भीतीशी ते आपल्या परीने बोलत असते.

त्या आजोबांनी विकत काहीच आणले नव्हते. नातीने कप पुढे केला, तेव्हा हातातील वर्तमानपत्र त्यांनी बाजूला ठेवले, एवढेच.