पुशरॉडची अचूक लांबी कशी ठरते?

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात '२१ गन सॅल्यूट' हे जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले होते. हिरवळीवर ओळीने उभ्या असलेल्या त्या गाड्यांचे रंग, निकेलची चकाकी आणि कातडी आसने लोकांनी डोळे भरून पाहिली. मात्र अशी गाडी प्रदर्शनाच्या मैदानापर्यंत आपल्या पायांनी चालत येते की ट्रकवर लादून आणावी लागते, हे बॉनेटखाली दडलेल्या भागांवर ठरते. त्यांपैकी एक भाग म्हणजे पुशरॉड. दिसायला हा पेन्सिलीएवढ्या जाडीचा साधा दांडा. पण त्याची लांबी एखाद्या मिलिमीटरने चुकली, तरी मोठ्या खर्चाने बांधलेले इंजिन थोडक्या काळात पुन्हा उघडण्याची वेळ येऊ शकते.

हा विषय केवळ संस्थानिकांच्या मोटारींपुरता नाही. १९२५ साली आलेल्या रोल्स-रॉइस फँटममध्ये पुशरॉड होते, तसेच ते अँबेसिडरच्या १,४८९ सीसी इंजिनात, प्रीमियर पद्मिनीच्या १,०८९ सीसी इंजिनात आणि जुन्या बुलेटमध्येही होते. बुलेटमध्ये नवे, पुशरॉड नसलेले इंजिन २०२३ मध्ये आले. त्यामुळे गोव्याच्या रस्त्यांवर आज धावणाऱ्या असंख्य बुलेट पुशरॉडच्याच आहेत. जुने इंजिन नव्याने बांधताना त्यातून थोडी अधिक ताकद मिळावी, अशी हौस अनेकांना असते. पुशरॉडच्या लांबीचा प्रश्न उभा राहतो तो नेमका तेव्हा.

पुशरॉडचे काम

या प्रकारच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, क्रँकच्या जवळ असते आणि व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात. कॅम फिरताना त्याचा उंचवटा टॅपेटला वर उचलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक वर उचलतो आणि रॉकरचे दुसरे टोक खाली येऊन व्हॉल्व्ह उघडते. विहिरीवरच्या लाटेप्रमाणेच रॉकर मधल्या आसावर झुलतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ३,००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उघडून मिटते. इतक्या वेगात रॉकरने व्हॉल्व्हच्या दांडीवर सरळ खाली दाब देणे अपेक्षित असते. दाब तिरका पडला, की तो दांडीला बाजूला रेटतो आणि ज्या व्हॉल्व्ह गाइडमधून ती दांडी सरकते, ते एका बाजूने झिजू लागते. त्यातून तेल सिलिंडरमध्ये उतरते, धूर येऊ लागतो आणि व्हॉल्व्ह आपल्या जागी नीट बसेनासे होते. ताकदीच्या इंजिनात कॅमचा उंचवटा मोठा आणि स्प्रिंग अधिक कडक असल्याने ही झीज अधिक वेगाने होते.

कारखान्याची लांबी का चालत नाही?

सुट्या भागांच्या पुस्तकात पुशरॉडची लांबी छापलेली असते. ती खरी असते. परंतु कारखान्यातून बाहेर पडलेल्या, हात न लागलेल्या इंजिनापुरती. इंजिन बांधताना केलेले जवळजवळ प्रत्येक काम ही लांबी बदलते.

अँबेसिडरसारख्या इंजिनाचे उदाहरण घेऊ. कॉम्प्रेशन वाढावे म्हणून हेडचे फेसिंग करून ०.५ मिलिमीटर धातू काढला आणि गॅस्केटही ०.३ मिलिमीटरने पातळ बसवले, तर रॉकर कॅमच्या दिशेने ०.८ मिलिमीटर खाली येतो. पुशरॉड तेवढाच आखूड हवा. दुसरीकडे, जुना कॅम घासून नवा आकार देताना त्याचा पाठीकडचा गोल भाग त्रिज्येत ०.६ मिलिमीटरने कमी झाला, तर टॅपेट तेवढा खाली बसतो. म्हणजे पुशरॉड ०.६ मिलिमीटर लांब हवा. त्यातच सीट घासल्यामुळे व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसून त्याच्या दांडीचे टोक ०.४ मिलिमीटर वर आले आणि रॉकरचे गुणोत्तर १.४ असले, तर पुशरॉड आणखी सुमारे ०.३ मिलिमीटर आखूड लागतो. या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी केली, की मूळ लांबीपेक्षा सुमारे ०.५ मिलिमीटर आखूड, असे उत्तर येते.

या हिशेबातून फरकाची दिशा कळते. शेवटचा आकडा मात्र त्यावर सोडता येत नाही. कोणी किती धातू काढला, याची नोंद जुन्या इंजिनाबरोबर क्वचितच येते. म्हणून सर्व भाग प्रत्यक्ष जुळवून लांबी मोजणे, हाच खात्रीचा मार्ग उरतो.

दोन रचना, दोन प्रश्न

मोजण्यापूर्वी रॉकर कशावर झुलतो हे पाहिले पाहिजे. गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

१९५५ च्या शेव्हरोले व्ही-८ इंजिनात प्रत्येक रॉकर हेडमध्ये बसवलेल्या एका स्टडवर असतो आणि त्याचा नट वर-खाली करून फट जुळवली जाते. येथे पुशरॉड लांब घेतला, की रॉकरचा आसच वर सरकतो. म्हणजेच पुशरॉडच्या लांबीवर रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातील कोन अवलंबून असतो.

अँबेसिडर आणि पद्मिनीत सर्व रॉकर एका समाईक शाफ्टवर बसतात. शाफ्टची उंची ठरलेली असते आणि फट जुळवण्याचा स्क्रू पुशरॉडच्या बाजूला असतो. अशा इंजिनात पुशरॉड बदलून व्हॉल्व्हच्या बाजूचा कोन सुधारता येत नाही. तो सुधारायचा तर शाफ्टच्या आधारांखाली पातळ पत्र्या घालून किंवा ते आधार घासून शाफ्टची उंची बदलावी लागते. पुशरॉडच्या लांबीचे काम इतकेच, की फट जुळल्यावर स्क्रू आपल्या प्रवासाच्या मध्यावर राहावा. पुशरॉड आखूड पडला, तर स्क्रू खाली फार बाहेर येतो आणि वाकू शकतो. लांब झाला, तर स्क्रू पूर्ण आत जाऊनही फट मिळत नाही.

जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये जुळवणीची सोय पुशरॉडच्या खालच्या टोकालाच असते. बाजूचे टॅपेट कव्हर उघडून लॉकनट सैल करायचा आणि थंड इंजिनात पुशरॉड वरखाली न हलता बोटांनी सहज फिरेल इतपत जुळवायचा, ही रीत प्रत्येक बुलेटवाल्याला ठाऊक असते. ही सोय मोठी खरी, पण तीच फसवतेही. जुळवणी झाली म्हणजे सर्व ठीक आहे, असे वाटते आणि रॉकरचा बिघडलेला कोन तसाच राहून जातो.

काटकोनाचा नियम

योग्य कोन कोणता, याचे उत्तर शालेय भूमितीत आहे. व्हॉल्व्ह नेमके अर्धे उघडलेले असताना रॉकरच्या आसापासून त्याच्या टोकाच्या रोलरच्या मध्यापर्यंत कल्पिलेली रेषा व्हॉल्व्हच्या दांडीशी काटकोन करावयास हवी. असे असले, की रॉकरचे टोक उघडतानाच्या पहिल्या अर्ध्यात जितके बाहेर सरकते, तितकेच दुसऱ्या अर्ध्यात आत येते आणि दांडीवरची एकूण घसर सर्वांत कमी राहते.

आसापासून टोकापर्यंतचे अंतर ३८ मिलिमीटर आणि व्हॉल्व्हची उघडझाप १० मिलिमीटर धरली, तर या स्थितीत घसर सुमारे ०.३ मिलिमीटर येते. तोच काटकोन व्हॉल्व्ह बंद असताना झाला, तर घसर सुमारे १.३ मिलिमीटर होते, म्हणजे चौपट. चुकीच्या कोनाची किंमत व्हॉल्व्ह गाइडला किती मोजावी लागते, हे या दोन आकड्यांतून स्पष्ट होते.

मोजण्याची रीत

मोजणीसाठी इंजिन अंतिम स्वरूपात जुळवलेले असावे. हेड, गॅस्केट, कॅम, टॅपेट, व्हॉल्व्ह आणि रॉकर प्रत्यक्ष वापरायचेच हवेत आणि हेडचे बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळलेले हवेत. व्हॉल्व्हच्या मूळ स्प्रिंगऐवजी हलक्या स्प्रिंग घातल्या, तर क्रँक हाताने सहज फिरतो आणि मोजणीचा पुशरॉड दबत नाही. या मोजणीच्या पुशरॉडला आटे असतात आणि तो लांब-आखूड करता येतो. इंचाला २० आटे असलेल्या पुशरॉडचा एक पूर्ण फेरा म्हणजे १.२७ मिलिमीटर.

सर्वप्रथम त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा, म्हणजे टॅपेट कॅमच्या गोल पाठीवर बसतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद असते. व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकाला मार्करची शाई लावून रॉकर बसवावा, फट जुळवावी आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा. रॉकर काढल्यावर शाई पुसली गेलेला पट्टा दिसतो. हा पट्टा अरुंद असणे, ही पहिली कसोटी. तो दांडीच्या मध्याजवळ असणे, ही दुसरी. पट्टा मध्यावर आहे पण रुंद आहे, तर काम झाले असे समजू नये. स्टडवरच्या रॉकरमध्ये मोजणीचा पुशरॉड अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने बदलत पट्टा कोणत्या लांबीला सर्वांत अरुंद होतो, ते पाहावे.

शाफ्टवरच्या रॉकरमध्ये आधी शाफ्टची उंची ठरवावी. मग स्क्रू मध्यावर ठेवून, पुस्तकात दिलेली फट मिळेपर्यंत मोजणीचा पुशरॉड लांबवावा आणि ती लांबी मोजावी. हायड्रॉलिक टॅपेट असल्यास हिशेब आणखी वेगळा. तेथे फट ठेवायची नसते. उलट टॅपेटमधला दट्ट्या बनवणाऱ्याने सांगितल्याइतका, बहुधा अर्धा ते दीड मिलिमीटर, दाबलेला राहावा लागतो. फट नुकतीच संपते त्या लांबीत हा दाब मिळवावा. तो जास्त झाला, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळते. कमी पडला, तर टकटक सुरू होते. २००९ च्या सुमारास आलेल्या बुलेटच्या इंजिनात असेच टॅपेट आहेत.

इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही पुशरॉड स्वतंत्र मोजावेत. अनेक सिलिंडर असल्यास निदान पहिल्या आणि शेवटच्या सिलिंडरवर मोजावे, कारण फेसिंगमध्ये हेड एका बाजूला अधिक घासले गेलेले असू शकते. नवे पुशरॉड मागवताना लांबी कोठून कोठपर्यंत मोजली, तेही सांगावे. गोल टोकाला तेलासाठी भोक असले, की टोकाचा माथा कापला जातो. अशा पुशरॉडची व्हर्निअरने मोजलेली लांबी आणि टोक पूर्ण गोल धरून काढलेली लांबी यांत काही दशांश मिलिमीटरचा फरक पडतो, आणि पुशरॉड बनवणारे सगळेच एक पद्धत वापरत नाहीत. पुशरॉड हाती आल्यावर मूळ स्प्रिंग घालून शाईची चाचणी पुन्हा करावी आणि पुशरॉड हेडच्या भोकाला कोठे घासत नाही ना, हे पाहावे.

एका दुपारची किंमत

या साऱ्या कामाला फार तर एक दुपार लागते आणि लागणारी साधने साधी आहेत. तरीही जुने पुशरॉड तसेच बसवून इंजिन बंद करण्याची घाई अनेकदा होते, कारण चूक लगेच दिसत नाही. इंजिन चालू होते, गाडी धावते आणि काही हजार किलोमीटरनंतर धूर सुटतो. तोपर्यंत दोष पेट्रोलला, तेलाला किंवा पिस्टन रिंगला दिला जातो. अँबेसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याआधीच. अशा गाड्यांची चांगली हेड दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत. एक हेड वाया गेले, तर नुकसान केवळ पैशाचे राहत नाही.

लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण झाला ते वर्ष १८९०. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाड यांनी बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली. हाताच्या कौशल्याला शास्त्राची जोड मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. अनुभवी मिस्त्रीचा हात आणि कान आजही मोलाचे आहेत. त्यांच्या जोडीला मोजलेला आकडा असला, तर इंजिन टिकते. इंजिन बांधून घेणाऱ्या मालकाने गॅरेजमध्ये एवढे तरी विचारावे : पुशरॉडची लांबी मोजली का, आणि किती आली? तो आकडा गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवला, तर पुढच्या वेळी इंजिन उघडणाऱ्यालाही तो उपयोगी पडेल.