शेत गेलं, कीर्तनकार उभा राहिला

धामणगाव बढे : शेतकरी बंधूंनो, गावात हरिनाम सप्ताह बसला की आपण बाहेरगावचा नामांकित महाराज आणतो. मंडप पडतो, पंगती उठतात, काल्याचं कीर्तन होतं आणि मंडळी आपापल्या कपाशी-सोयाबीनच्या मागं लागतात. आठ दिवसांत कानावर काय पडलं आणि घरी काय आलं, याचा हिशेब कुणी मांडत नाही. हा हिशेब रोखठोक मागणारा एक कीर्तनकार आपल्याच वऱ्हाडात होऊन गेला. तो ना पोथी शिकलेला, ना कुठल्या मठाचा. तो होता शेतात राबणारा गडी. पुढं जगानं त्याला गाडगेबाबा म्हटलं.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेणगाव. घर परटाचं. वडील दारूच्या नादी लागले आणि डेबूजी लहान असतानाच गेले. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. मामाच्या घरी डेबूजी गुरं राखायचा, औत हाकायचा. शाळेचं तोंड काही त्यानं पाहिलं नाही. भजनाची गोडी मात्र तिथंच लागली.

सावकाराचा धडा

मामा चंद्रभानजी कष्टाळू माणूस, पण अक्षरओळख नाही. सावकाराच्या वहीत काय लिहिलं आणि काय वजा झालं, ते कळायला मार्ग नव्हता. कर्ज फिटलं असं मामाला वाटत होतं. वही वेगळंच बोलत होती. अखेर जमीन गेली आणि त्या धक्क्यानं मामाही गेला. उरलेल्या तुकड्यावर सावकार ताबा घ्यायला आला, तेव्हा तरणा डेबूजी आडवा उभा राहिला, असं चरित्रकार सांगतात.

आता बघा, एखादा माणूस अशा वेळी देवाला बोल लावतो, नाही तर बाटली जवळ करतो. डेबूजीनं दुसरी वाट धरली. बाप दारूनं गेला आणि मामा अडाणीपणानं गेला. मग देव देव करताना या दोन गोष्टी दूर ठेवून कसं चालेल? त्याची भक्ती या प्रश्नातून उगवली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणं दारू-मटणाचं जेवण घालायचं होतं. डेबूजीनं गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद रुसले, पण गडी हटला नाही. लोकांना उपदेश करण्याआधी त्यानं तो आपल्या दारात करून दाखवला होता.

घर सुटलं

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यानं घर सोडलं. वय २९ च्या घरात, मागं आई, बायको कुंताबाई, लेकरं. हे सोपं नव्हतं, आणि घरच्यांनी ज्या हालअपेष्टा काढल्या त्या विसरून चालणार नाही. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात झाडू आणि एक मातीचं गाडगं, तेच ताट आणि तेच पाण्याचं भांडं. ज्या गावी जायचं त्या गावचे रस्ते दिवसा झाडायचे आणि रात्री तिथंच कीर्तन करायचं. गावाची घाण आधी काढली, की मनातल्या घाणीवर बोलायचा अधिकार येतो, असा सरळ व्यवहार. पायावर डोकं ठेवू द्यायचे नाहीत. चेला केला नाही, गुरुपद घेतलं नाही.

कीर्तनाची रीतही न्यारी होती. वऱ्हाडी बोलीत समोरच्यालाच प्रश्न विचारायचा आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढायचं. कर्ज काढून सण करू नका, नवसाला बकरं कापू नका, शिवाशिव पाळू नका, दारू पिऊ नका आणि पोरांना शिकवा. मामाच्या जमिनीचा सगळा हिशेब त्या कीर्तनात उतरलेला होता.

घामाच्या पैशाचा घाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णेकाठी ऋणमोचन नावाचं क्षेत्र आहे. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. नदीत उतरताना माणसं चिखलात घसरायची. बाबांनी लोकांच्या मदतीनं १९०८ मध्ये तिथं घाट बांधायला घेतला. हीच पूर्णा पुढं आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून जाते आणि मोताळा तालुक्यातली आपली नळगंगा तिलाच मिळते. म्हणजे हा माणूस आपल्याच पाण्याचा.

पुढं पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं धर्मशाळा झाल्या. पैसा लाखांनी आला, पण त्यावर घरच्यांचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात शेवटचं कीर्तन झालं. २० डिसेंबरला अमरावतीला येताना वलगावजवळ वाटेतच देह ठेवला.

आता आपलं काय?

सरपंच, पोलीस पाटील आणि कारभारी मंडळींनो, २०००-०१ पासून शासनानं बाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान चालवलं. गावं झाडली गेली, बक्षिसंही मिळाली. पण झाडू हा बाबांच्या शिकवणीचा अर्धाच भाग. दुसरा भाग वही वाचता येण्याचा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं विनापरवाना सावकारी हा गुन्हा ठरतो. अशा सावकारानं जमीन बळकावली असेल तर सहकार खात्याच्या निबंधकाकडं दाद मागता येते. हे गावात किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून पुढच्या सप्ताहात एक करा. कीर्तन संपल्यावर, पंगत बसायच्या आधी, चार शिकलेल्या पोरांना पुढं बसवा. ज्याला शंका असेल त्याची कर्जाची पावती, बँकेचं पासबुक आणि सातबारा वाचून दाखवा. डेबूजीच्या मामाला असं वाचून दाखवणारा माणूस मिळाला नाही. आपल्या गावातल्या मामाला तो मिळायला हवा.