इंटरजेक्शन ओळखताना नुसतं उद्गारचिन्ह पाहू नका

शिक्षक आणि पालक मित्रांनो, इंग्रजीच्या आठ पार्ट्स ऑफ स्पीचपैकी बहुतेक पुस्तकांत शेवटी येतो तो इंटरजेक्शन, म्हणजे आपलं केवलप्रयोगी अव्यय. सोपा म्हणून आपण तो दहा मिनिटांत उरकतो. 'हुर्रे' आनंदाचा, 'अलास' दुःखाचा, करा पाठ! (आजकाल बोलताना 'अलास' कोण म्हणतं? मुलांच्या कानावर पडतं ते 'ऊप्स' आणि 'वॉव'.) मग पेपरात उद्गारचिन्ह दिसलं की मुलं जवळचा शब्द अधोरेखित करून मोकळी होतात, आणि हातचा मार्क जातो.

'व्हॉट अ ब्युटिफुल गार्डन!' हे वाक्य घ्या. उद्गारचिन्ह आहे, पण इंटरजेक्शन नाही. इथला 'व्हॉट' हा 'गार्डन' या नामाशी बांधलेला आहे. आता 'व्हॉट! यू सोल्ड द हाऊस?' यातला 'व्हॉट' बोटाने झाका. पुढचं वाक्य पूर्णच राहतं, कारण तो शब्द वाक्यात नुसता डोकावलेला आहे. हा इंटरजेक्शन.

'वेल' तर आणखी फसवा. 'शी सिंग्ज वेल' मध्ये तो क्रियाविशेषण, 'द वेल इज डीप' मध्ये चक्क विहीर, आणि 'वेल, आय ॲम नॉट शुअर' मध्ये इंटरजेक्शन. इथे उद्गारचिन्ह नाही, साधा स्वल्पविराम आहे. म्हणून यादी पाठ करून भागत नाही, वाक्य वाचावंच लागतं.

बोटाने झाकून पाहणं मात्र एकटं पुरत नाही हं. 'रवी, कम हिअर' मधला 'रवी'सुद्धा झाकता येतो, पण ती हाक आहे, शब्द नामच. 'स्टॉप! द ब्रिज इज ब्रोकन' मधला 'स्टॉप' ही आज्ञा, म्हणजे क्रियापद. तेव्हा झाकून झालं की मुलाला विचारा, हा शब्द मनातली भावना बाहेर टाकतोय, की कुणाला बोलावतोय, काही करायला सांगतोय?

हा फरक मराठीतून लगेच कळतो. 'आई, पाणी दे' आणि 'आई गं! काटा रुतला' ही वाक्ये मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. दुसऱ्या वाक्यात आईला कुणी बोलावलेलंच नाही! मुलं हसतात, आणि 'आऊच' समजावून सांगावा लागत नाही.

आज घरी हे एक वाक्य द्या: 'ओह, आय फर्गॉट माय टिफिन.' उद्गारचिन्ह मुद्दामच दिलेलं नाही.