अंदाज 60 हजारांचा, बिल 91 हजारांचे

होडी असो, ट्रक असो की पिठाच्या गिरणीची मोटर असो, दुरुस्तीला टाकताना सांगितलेला आकडा आणि वस्तू परत घ्यायला गेल्यावर हातात पडणारा आकडा सहसा जुळत नाही. मग शब्दाला शब्द वाढतो. गिऱ्हाईक म्हणते, फसवले. मिस्त्री म्हणतो, पदरचे घालून काम केले. आमच्या वाचकांत या दोन्ही बाजूंचे लोक आहेत. विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत गॅरेज, वेल्डिंग, लेथ आणि मोटर वाइंडिंगची कामे करणारे आहेत, आणि त्यांच्याकडे गाडी किंवा यंत्र टाकणारे मालवाहतूकदार व व्यापारीही आहेत. तेव्हा एकाच बाजूची वकिली करणे आम्हाला परवडणारे नाही.

उदाहरण मुद्दाम होडीचे घेतो. कृष्णेवर पूल वाढत गेले तशा प्रवासी होड्या कमी झाल्या, पण नदीकाठची गावे होडीपासून सुटलेली नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हा होडी ही काय चीज आहे हे शहरातल्यांनाही कळले. शिवाय होडीच्या दुरुस्तीत जितके झाकलेले असते तितके दुसऱ्या कुठल्याच कामात नसते. वरून ठणठणीत दिसणारी फळी तळाशी भुसभुशीत निघते. खिळा उपटल्याशिवाय लाकूड कुजले आहे की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. कोकणात जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढून दुरुस्तीला काढतात, तिथल्या नौकामालकांना तर हा अनुभव दरवर्षीचा असतो.

आता समजा, एका लाकडी होडीचा अंदाज मिस्त्रीने असा दिला: लाकूड 28,000, खिळे, राळ व रंग 9,000, मजुरी 23,000, एकूण 60,000 रुपये. प्रत्यक्षात बिल आले 91,000 चे. वरचे 31,000 रुपये पाहून मालकाचे डोके फिरणारच. पण रागावण्याआधी ते 31,000 सुटे करून पाहावेत. तळाच्या आणखी चार फळ्या कुजलेल्या निघाल्या, त्याचे लाकूड व मजुरी 18,000. काम चालू असताना मालकानेच, "आलोच आहे तर बसायची फळी पण बदलून टाका," असे सांगितले, त्याचे 5,000. मधल्या काळात लाकडाचा भाव चढला, त्याचे 3,000. आणि एक फळी कापताना चुकली म्हणून नवी आणावी लागली, तिचे 5,000.

हे चार आकडे एकाच बिलात असले तरी त्यांची जात वेगवेगळी आहे. कुजलेल्या फळ्यांचा खर्च खरा आहे. त्या फळ्या तशाच ठेवल्या असत्या तर होडी पाण्यात घालण्यात अर्थ नव्हता. बसायची फळी मालकानेच सांगितली, तिचे पैसे त्याने मुकाट्याने द्यावेत. "हे पण बघून घ्या" हे वाक्य गिऱ्हाईक सहज बोलून जाते आणि विसरते, मिस्त्रीच्या वहीत मात्र ते राहते. भाववाढीचे 3,000 कोणाचे, हे मूळ ठराव कसा होता त्यावर ठरेल. चुकलेली फळी मात्र मिस्त्रीची. ती गिऱ्हाइकाच्या बिलात घालणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. म्हणजे 31,000 चे भांडण वाटत होते ते खरे तर 5,000 चे, फार तर 8,000 चे आहे. आमच्या मते निम्मी भांडणे बिल असे सुटे केले की तिथेच मिटतात.

अर्थात 18,000 च्या बाबतीत एक प्रश्न उरतो: फळ्या कुजल्याचे कळल्यावर मिस्त्रीने मालकाला बोलावले होते का? बोलावले असेल तर विषय संपला. नसेल तर मालकाचे म्हणणेही रास्त आहे. एवढा खर्च आधी कळला असता तर त्याने कदाचित दुरुस्ती थांबवून जुनी होडी विकली असती. ठरवण्याचा तो हक्क मिस्त्रीने त्याच्या हातून काढून घेतला. काम प्रामाणिक असले तरी न विचारता केलेले काम हे न विचारता केलेलेच राहते.

येथे ठरावाचे प्रकार समजून घ्यावेत. 'उक्ते' काम घेतले तर ठरलेली रक्कम ती ठरलेली. भाव वाढला, मजूर जास्त लागले, तरी तोटा कारागिराचा आणि वाचले तर तेही त्याचे. 'अंदाज' दिला असेल तर रक्कम थोडी मागेपुढे होणार हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. पण अंदाज म्हणजे कोरा चेक नव्हे. तिसरा प्रकार मजुरी ठरवून माल गिऱ्हाइकाने आणून द्यायचा. यात भांडण कमी, पण गिऱ्हाइकाला बाजारात हेलपाटे घालावे लागतात. आपल्याकडे अडचण अशी की तोंडी बोलताना कारागीर 'अंदाज' म्हणतो आणि गिऱ्हाईक 'उक्ते' ऐकते. कागदाच्या चिटोऱ्यावर तो एक शब्द लिहिला तरी पुढचे कोर्ट वाचेल.

मिरजेच्या सतारमेकरांची रीत या बाबतीत पाहण्यासारखी आहे. ज्या मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते वाद्य दुरुस्तीला आले तर बाहेरून दिसणारी भोपळ्याची चीर वेगळी आणि तबली उघडल्यावर दिसणारी आतली अवस्था वेगळी. अशा कामात आकडा दोन वेळा सांगणे हेच शहाणपणाचे: एक उघडण्याचा, दुसरा उघडून पाहिल्यानंतरचा. इंजिनाचे काम करणाऱ्यांनी हेच करावे. "खोलण्याची मजुरी इतकी, खोलल्यावर पुढचा आकडा सांगेन, नको असेल तर खोलण्याचे पैसे देऊन गाडी न्या." असे सांगणारा मिस्त्री सुरुवातीला महाग वाटतो, पण त्याच्याकडचे गिऱ्हाईक तुटत नाही.

त्याच चिठ्ठीत एक मर्यादाही घालावी. अंदाजापेक्षा शेकडा 10 पर्यंत खर्च वाढला तर न विचारता करा, त्यापुढे काम थांबवून कळवा. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. कुजलेल्या फळीचा किंवा झिजलेल्या क्रँकचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून "इतके वाढतील, करू का?" एवढे विचारायला दोन मिनिटे लागतात. आणि "करा" हे उत्तर आले की तो पुरावा झाला. काढलेले जुने भाग बिल मिळेपर्यंत टाकू नयेत. गिऱ्हाइकाने ते मागून घ्यावेत, भंगाराचे पैसे कोणाचे हेही आधीच बोलून घ्यावे.

बरीच भांडणे कराची असतात, हेही सांगितले पाहिजे. अंदाज 50,000 चा, त्यावर दुरुस्तीच्या सेवेचा 18 टक्के जीएसटी म्हणजे 9,000 रुपये. "अधिक कर" हे शब्द बोलायचे राहून गेले की गिऱ्हाइकाला 59,000 म्हणजे लूट वाटते. मात्र जीएसटी लावण्याचा अधिकार नोंदणी असलेल्यालाच आहे. बिलावर 15 आकडी-अक्षरी क्रमांक हवा, महाराष्ट्रातला असेल तर त्याची सुरुवात 27 ने होते. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. क्रमांक नाही आणि कर मात्र लावला आहे, असे बिल सरळ परत करावे.

पुराच्या वेळचा प्रकार निराळा. 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पाणी आले तेव्हा गॅरेजांत बुडालेल्या गाड्यांची रांग लागली. विमा असेल तर सर्व्हेअर पहिल्या अंदाजावर पाहणी करतो. इंजिन खोलल्यावर खर्च वाढला तर काम पुढे नेण्याआधी पूरक अंदाज देऊन सर्व्हेअरला पुन्हा बोलवावे लागते. न बोलावता केलेल्या कामाचे पैसे विमा कंपनीकडून मिळणे अवघड, मग फरकाचा बोजा गाडीवाल्यावर आणि त्याचा राग मिस्त्रीवर. बुडालेली गाडी चावी फिरवून सुरू करून पाहू नये, हेही जाता जाता सांगतो. पाणी आत ओढले गेले की इंजिन फुटते आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुधा नाकारले जाते.

आता बिल हातात पडले आणि ते मान्य नाही, तर काय करावे? गाडी किंवा होडी अडकून पडली की धंदा थांबतो, हप्ते मात्र थांबत नाहीत. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 170 प्रमाणे, ज्या वस्तूवर कारागिराने मेहनत व कसब खर्च केले ती वस्तू त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ताब्यात ठेवण्याचा त्याला हक्क आहे. म्हणून गॅरेजमधून गाडी जबरदस्तीने काढून नेण्याच्या भानगडीत पडू नये. पण या हक्काला कुंपण आहे. तो फक्त त्याच कामापुरता आहे. मागच्या दिवाळीतली दुसऱ्या गाडीची उधारी वसूल करायला आजची गाडी अडवता येत नाही. "पैसे महिन्याने द्या" असे ठरले असेल तर त्या महिन्यात वस्तू अडवता येत नाही. एकदा ती हातची गेली की हा हक्कही गेला. आणि अडवलेली वस्तू परस्पर विकण्याची परवानगी या कलमात नाही.

गिऱ्हाइकाला वस्तू तातडीने हवी असेल तर सोयीचा मार्ग असा: जेवढी रक्कम मान्य तेवढी द्यावी, आणि वादाची रक्कम भरावीच लागली तर बिलाच्या दोन्ही प्रतींवर "अमुक रक्कम तक्रार राखून दिली" असे लिहून सही करावी. न सांगता केलेल्या कामाबद्दल त्याच कायद्याचे कलम 70 कारागिराच्या बाजूने बोलू शकते. फुकट करण्याचा इरादा नसताना केलेल्या कामाचा फायदा समोरच्याने घेतला, तर त्याचा मोबदला मागता येतो. किती, हे मात्र न्यायालय ठरवते.

एवढ्यावर येण्याआधी त्याच धंद्यातला तिसरा जुना मिस्त्री बोलावून काम दाखवावे. दोघांनीही त्याचा शब्द मानायचा असे आधी ठरवावे. नाहीच जमले तर गिऱ्हाइकाला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. स्वतःच्या पोटासाठी स्वतः ट्रक चालवणारा ग्राहक ठरू शकतो, पण दहा ट्रक फिरवणाऱ्या मालकाला व्यापारी हेतूचा आक्षेप आडवा येईल.

कारागिराचे पैसे बुडत असतील तर परत देण्याची मुदत ठरलेली नसताना काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा लावता येतो. दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते, तिथे वकील लागतोच असे नाही. उद्यम नोंदणी असलेल्या कारागिराला 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचाही आधार आहे. लेखी ठरावातही मुदत 45 दिवसांपुढे नेता येत नाही, आणि ती उलटली की बँक दराच्या तिप्पट व्याज चक्रवाढीने लागते. नोंदणी ऑनलाइन आहे, फुकट आहे. ती करून देण्याचे पैसे मागणाऱ्या एजंटाच्या वाटेला जाऊ नये.